ॲप्ट: दिवाळीपासून वापरतोय, आता लिहूनच टाकतो

आमचा क्लास ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, शिंदे की छावनीच्या बाजूला. सीपीसीटीच्या (मध्य प्रदेशातली सरकारी नोकरीसाठीची कॉम्प्युटर-टायपिंग परीक्षा) पोरापोरींना हिंदी-इंग्रजी टायपिंग शिकवतो, सात मशीन आहेत, सातही सेकंडहँड, चौथ्या जनरेशनचे आयथ्री. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ काही या डब्यांवर अधिकृतपणे बसत नाही, नवीन सात घ्यायचे म्हटलं असतं तर बायकोने क्लाससकट मला बाहेर काढलं असतं, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळीकडे विंडोजऐवजी डेबियन १३ हे फुकटचं लिनक्स टाकलं. डेबियनवर नंतर कधी लिहीन, आज फक्त ॲप्टबद्दल, कारण गेले काही महिने माझा सगळा संबंध त्याच्याशीच येतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ॲप्ट म्हणजे काळ्या खिडकीत टाइप करून सॉफ्टवेअर टाकायचं, काढायचं, नवीन करायचं ते साधन. आजचं नाही हे, १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट-गेट आलं, आणि आपण आज टाइप करतो ते नुसतं ‘ॲप्ट’ २०१४ पासूनचं. त्याच्या खाली डीपीकेजी नावाचा गडी आहे, तो हातात दिलेली एक डेब फाइल (डेबियनचं सॉफ्टवेअर अशा फाइलीत येतं) बसवतो, पण तिला आणखी काय काय लागतं ते आणून देत नाही, ती सगळी धावपळ ॲप्टची. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप मात्र इंग्रजीतच करा, नाहीतर माझ्या नावाने ओरडाल.)

आधी माझा गाढवपणा सांगतो. पहिले दोन महिने मी रोज सकाळी इमानदारीत ‘सुडो ॲप्ट अपडेट’ (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने) मारत होतो, भराभर ओळी यायच्या, मी खूश, वाटायचं मशीन एकदम ताजी. एक दिवस शेवटची ओळ नीट बघितली तर इतकी इतकी पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे) अपग्रेड करता येतील असं लिहिलेलं, आणि हे तो रोजच सांगत होता! अपडेट म्हणजे दाल बाजारात जाऊन आजचा भाव विचारून येणं, माल काही घरी येत नाही. माल आणायला ‘सुडो ॲप्ट अपग्रेड’ वेगळं मारावं लागतं. नावं अशी का ठेवली देव जाणे, नवीन माणूस हमखास इथेच फसतो, याचा पाव स्टार मी कापलाय.

आता आवडलेली गोष्ट. इंग्रजीच्या प्रॅक्टिससाठी क्लावारो नावाचं टायपिंग शिकवणारं सॉफ्टवेअर हवं होतं. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्लावारो’ म्हटलं की तो आधी सगळा हिशोब मांडतो, हे टाकणार, त्याच्यासोबत हे हे लागणार, काढणार काही नाही, डाउनलोड इतकं, डिस्कवर जागा इतकी लागेल आणि तुमच्याकडे इतकी शिल्लक आहे. मग विचारतो, पुढे जाऊ का, वाय की एन. यातला वाय मोठ्या अक्षरात असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी ‘हो’ धरतो, हे पक्कं लक्षात ठेवा. माझं बोट तर एंटरवरच असतं.

आमचे बाबा एजी ऑफिसातून (सरकारी हिशोब तपासणारं महालेखाकार कार्यालय) रिटायर झालेत, दुपारी क्लासवर येऊन बसतात. चाळीस वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासली, त्यामुळे स्क्रीनवर आकडे दिसले की चष्मा वर होतोच. झालं असं की पोरं टायपिंग सोडून फाइली उघडत बसायची, एकाने तर माझं हजेरीचं फोल्डर उडवलं, म्हणून मी म्हटलं फाइल मॅनेजरच काढून टाकू. आमच्याकडे एक्सएफसीई डेस्कटॉप, त्याच्या फाइल मॅनेजरचं नाव थुनार. ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह थुनार’. यादी आली, मी एंटरवर बोट ठेवलं तेवढ्यात बाबा मागून, “वाचलंस का?”

मी म्हटलं, “हो बाबा, काढतोय ते एक.”

“एक काढायला सांगितलंस ना? मग लाल अक्षरात एवढी नावं कसली?”

खरंच की. त्यात एक्सएफसीई४ चं नाव होतं. आता हे एक्सएफसीई४ म्हणजे मोळी बांधायची दोरी आहे, सामान वेगळं असतं, पण दोरी गेली की पुढच्या वेळी ‘ऑटोरिमूव्ह’ मारलं तर मोळीतलं बरंच सामान ‘आता कोणाला लागत नाही’ म्हणून निघायला तयार होतं, आणि मी ऑटोरिमूव्ह दर आठवड्याला न वाचता मारायचो. सात मशीनवर हेच केलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बॅचला काय दाखवलं असतं? एन दाबला. पोरांसाठी वेगळं लॉगिन करून दिलं, प्रश्न मिटला. हा लाल-हिरवा रंग आणि कॉलममधली यादी ॲप्ट ३.० पासून आलीय, डेबियन १३ मध्ये तेच आहे. आधी सगळं एकाच रंगात, सलग परिच्छेदात यायचं म्हणे, त्यात बाबांनासुद्धा दिसलं नसतं.

एक चांगलं आहे, सिस्टिमचा अगदी कणाच काढायला निघालात तर तो सरळ नाही म्हणतो. पूर्वी ‘येस, डू ॲज आय से’ असं अख्खं वाक्य टाइप केलं की ऐकायचा, आता तेवढ्यानेही ऐकत नाही.

लाइटचा किस्सा. जानेवारीत, बाहेर धुकं, सकाळी साडेसहाला मशीन नंबर ३ वर अपग्रेड लावलेलं, आणि लाइट गेली. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे, फक्त बॅटरीत पाणी घालायचं तीन महिने राहिलेलं, त्यामुळे तो टुक करून गप्प. मला वाटलं गेली ही मशीन, आता परत पेन ड्राइव्ह शोधा. लाइट आली, मशीन सुरू झाली, ॲप्ट मारलं तर त्याने सांगितलं की डीपीकेजीचं काम अर्धवट तुटलंय, आधी ‘सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए’ चालवा. म्हणजे काय बिघडलं तेही सांगितलं आणि औषधही तिथल्या तिथे लिहून दिलं! चालवलं, आणि जिथे सुटलं होतं तिथून उरलेलं एकेक बसवत गेला. हे जमतं कारण पॅकेज दोन टप्प्यात बसतं, आधी उघडून फाइली जागेवर ठेवायच्या, मग कॉन्फिगर करायचं, आणि कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते डीपीकेजी एका वहीत टिपत असतो. मागे बसलेला एक पोरगा म्हणाला, “सर, हैकिंग कर रहे हो क्या?” मी काही बोललो नाही, इज्जत वाढत असेल तर वाढू दे.

लॉकचं लफडं पण होतं. दोन खिडक्यांत ॲप्ट चालवलं, किंवा मागे आपोआप अपडेट चालू असलं, की दुसरा थांबून राहतो, लॉक मिळत नाही म्हणतो, आणि कोणत्या प्रोसेसने धरलंय तिचा नंबरही देतो. इंटरनेटवर ज्ञानी लोक सांगतात लॉकची फाइल डिलीट करा. नका करू. चहा घेऊन या, तोवर सुटतं.

सात मशीन असणाऱ्यांसाठी खास गोष्ट, एका मशीनवर ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ टाका. बाकीच्या सहा मशीनना ॲप्टचा प्रॉक्सी म्हणून त्या मशीनचा पत्ता आणि ३१४२ पोर्ट द्या. पहिल्या मशीनने जे उतरवलं ते बाकीच्यांना तिथूनच मिळतं, तीच फाइल सात वेळा इंटरनेटवरून ओढावी लागत नाही. आमचं नेट संध्याकाळी कसं चालतं ते छावनीत राहणाऱ्यांना सांगायला नको, आधी सात मशीनचं अपग्रेड म्हणजे अख्खा रविवार जायचा, आता पहिली झाली की बाकीच्या पोहे होईपर्यंत होतात.

मराठीसाठी वेगळं फार काही करावं लागलं नाही. ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ टाकलं, टायपिंगला ‘आयबस-एम१७एन’, त्यात मराठी-हिंदीचे कीबोर्ड मिळतात. आईने त्यावर गणपतीची आरती टाइप करून प्रिंट काढली, र्‍ह आणि ळ दोन्ही नीट आले म्हणून तिने आपल्याकडून पास केलंय.

बाबांनी आता एक डायरी घातलीय, प्रत्येक मशीनचं वेगळं पान, तारीख, काय टाकलं, काय काढलं, खाली सही. व्हार-लॉग-ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी नावाच्या फाइलीत हे सगळं आपोआप लिहिलं जातं. मी त्यांना ती दाखवली तर दोन तास बसून डायरीशी ताळा केला आणि म्हणाले मशीन नंबर ५ चं एक इन्स्टॉल माझ्याकडे नोंदलेलं नाही, कोणी केलं? मीच केलं होतं, रात्री, गेम.

दुसरा पाव स्टार कापला तो सर्चसाठी. ‘ॲप्ट सर्च टायपिंग’ मारा, नावात नसलं तरी वर्णनात कुठे तो शब्द असलेली सगळी पॅकेजेस समोर ओततो, प्रोग्रामिंगवाल्यांच्या लायब्रऱ्यांसकट. डेबियन १३ मध्ये ६९ हजारांच्या वर पॅकेजेस आहेत, त्यात आपलं कुठलं हे शोधताना डोळे दुखतात. ‘डॅश डॅश नेम्स-ओन्ली’ लावलं की फक्त नावात शोधतो, पण मग क्लावारो सापडत नाही, कारण त्याच्या नावात टायपिंग नाहीच. क्लावारोचं नाव मला शेवटी एका विद्यार्थिनीने सांगितलं.