राऊटरचा 'सरकारी' नियम आणि माझे ३,२०० रुपये

मी नाशिकला घरून जीएसटीची कामं करते. महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी हे महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, जवळ आली की माझं जेवणखाण लॅपटॉपसमोरच असतं. नेमका १८ तारखेला दुपारी फोन आला. "मॅडम, तुमचा राऊटर सर्टिफाइड नाहीये. सरकारचा सिक्युरिटीचा नियम आलाय. उद्यापर्यंत बदलला नाही तर लाइन वरूनच ब्लॉक होणार." माझं नाव, पत्ता, कनेक्शन कोणाचं, प्लॅन कोणता, सगळं त्याला पाठ.

दुसऱ्या कोणी 'हॅट' म्हणून फोन ठेवला असता. पण मी पडले नियम वाचून पोट भरणारी बाई, आणि त्याच्या बोलण्यात खरं बरंच होतं. राऊटरसारख्या उपकरणांची चाचणी सक्तीची करणारे नियम २०१७ साली आले. दूरसंचार खात्याच्या टीईसी या तांत्रिक केंद्राचं सर्टिफिकेट लागतं, सुरक्षेची बाजू त्याच खात्याचं बंगळुरूचं एनसीसीएस हे केंद्र बघतं. सीसीटीव्हीचं तर मी जवळून पाहिलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये कॅमेऱ्यांचे सुरक्षा नियम लागू झाले, तेव्हा माझ्या एका दुकानदार क्लायंटची जुना माल खपवायची धांदल त्याच्या वह्यांत दिसत होती. म्हटलं, आता राऊटरची पाळी.

१९ तारखेला सकाळी माणूस हजर. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. बूट दाराबाहेर काढले, पाणी विचारलं तर "नको ताई, अजून सहा घरं आहेत". व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली, वर अशोकस्तंभ, खाली सर्टिफिकेटचा नंबर. वीस मिनिटांत नवा डबा लावला. दीड वर्षापूर्वी स्वतःच्या पैशाने घेतलेला माझा ड्युअल बँड राऊटर त्याने सॅकमध्ये टाकला. "जुना ई-वेस्टमध्ये जमा करावा लागतो." मीच वर त्याला वायरी गुंडाळून दिल्या.

पैसे यूपीआयवर. स्क्रीनवर कोणा बाईचं खासगी नाव आलं, तर म्हणाला, फ्रँचायझीवाल्या साहेबांच्या मिसेसचं खातं आहे. बिल? मेलवर येईल. एरवी बिल नसेल तर क्लायंटला फैलावर घेणारी मी, "बरं" म्हणाले. डोक्यात उद्याची २० तारीख.

रिटर्न भरून झाली. २४ तारखेला आतल्या खोलीत नेट रखडायला लागलं, म्हणून त्याच दुकानदाराला फोन केला. तो हसलाच. "ताई, नियम आमच्या मानेवर आहे, तुमच्या नाही. बनवणाऱ्याने आणि बाहेरून आणणाऱ्याने सर्टिफिकेट घ्यायचं, आम्ही बिनसर्टिफिकेटचा माल विकायचा नाही. घरात लावलेला डबा बदलायला सरकार माणूस धाडत नाही." मग म्हणाला, "डबा उलटा करा बघू."

तळाशी चकचकीत स्टिकर. नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरं स्टिकर, मळकं. त्यावर भलत्याच इंटरनेट कंपनीचं नाव आणि 'कंपनीची मालमत्ता, विक्रीसाठी नाही'. दोन्हींवरचे मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे उपकरणाचे ओळख क्रमांक, वेगळे. पीडीएफवरचं मॉडेल शोधलं, तर ते ऑफिसच्या रॅकमध्ये बसणारं धूड निघालं.

संध्याकाळी दुकानदार स्वतः आला. राऊटरचं सेटिंगचं पान उघडलं, यूजर 'अ‍ॅडमिन', पासवर्ड 'अ‍ॅडमिन', आणि दार सताड उघडं! कारखान्यातून आलेला ठरावीक पासवर्ड तसाच चालू राहू नये, ही सुरक्षा नियमांतली बाराखडी. नियमाच्या नावाने मला विकलेला डबा त्यातच नापास.

पुढचं बघून मात्र पोटात गोळा आला. रिमोट मॅनेजमेंट चालू, म्हणजे बाहेरून कोणीही आत शिरून सेटिंग बदलू शकेल. आणि डीएनएसच्या चौकटीत कोणीतरी हाताने आकडे भरलेले. डीएनएस म्हणजे साइटचं नाव दिल्यावर तिचा पत्ता सांगणारी वही. ती वहीच खोटी असली तर बँकेचं नाव टाकून आपण हुबेहूब दिसणाऱ्या भलत्याच पानावर जाऊ शकतो. ब्राउझर सर्टिफिकेटचा इशारा देतो म्हणा, पण घाईच्या दिवसांत तो इशारा बंद करून पुढे जाणारे मी रोज बघते. त्या सहा दिवसांत मी ४१ क्लायंटची लॉगिन याच डब्यावरून केली होती. कुणाचं काही गेलं नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून दोन रात्री पासवर्ड बदलले, आणि प्रत्येकाला फोन करून कारण सांगितलं. ३,२०० रुपयांपेक्षा ते ४१ फोन जड गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर क्राइम पोर्टलवर टाकली. पलीकडचे म्हणाले, पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर रक्कम गोठवता आली असती. आता ती पुढच्या खात्यात गेलीय. त्या माणसाचा फोन नंबर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद कॉल कळवायच्या 'चक्षू' सोयीत कळवला. माझ्या इंटरनेट कंपनीने "आमचा कोणी आलाच नव्हता" एवढंच सांगितलं. माझा प्लॅन त्याला कसा कळला, यावर अजून उत्तर नाही.

आता विचारते, तर आमच्या इमारतीत अशी चार घरं निघाली. तळमजल्यावरचे काका काही केल्या मानेनात. "माझं नेट तर आधीपेक्षा फास्ट चालतंय." काल टाचणी घेऊन त्यांच्याकडे गेले. स्टिकरचा कोपरा उचलला, तर खाली तिसऱ्याच कंपनीचं नाव.