कॅडची वर्गणी भरायची की कायमचं लायसन्स घ्यायचं? कोकणातल्या छोट्या ऑफिसपुरतं बोलतो

दापोली-गुहागर पट्ट्यात घरांची ड्रॉइंगं काढायचं नवीन ऑफिस टाकणारा प्रत्येकजण कॅडबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल, हे विचारतोच. ऑटोकॅडचं कायमचं लायसन्स विकणं 2016 ला बंद झालं, स्केचअपचं 2020 ला, त्यामुळे कायमचं हवं असेल तर आता ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांच्याकडे बघावं लागतं. मी दोन्ही प्रकार वापरलेत, त्यावरून सांगतो, तुमचं काम वेगळं असेल तर हिशोबही वेगळा येईल.

टू-डी, म्हणजे नुसती सपाट ड्रॉइंगं, करणाऱ्याला दरवर्षीच्या अपग्रेडमधून मिळतं काय, तर माझ्या मते फार थोडं. डीडब्ल्यूजीचा, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलचा, फॉरमॅट 2018 ला बदलला तो 2025 च्या आवृत्तीतही तोच आहे. चिऱ्याची भिंत, ओटी-पडवी, कौलांचा उतार, नगरपंचायतीत द्यायचं ड्रॉइंग, यातलं काहीच जुन्या आवृत्तीवर अडत नाही. हां, एलटीमध्ये (ऑटोकॅडची स्वस्तातली आवृत्ती) 2024 पासून लिस्प, म्हणजे तीच तीच कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, चालायला लागलं ही खरंच कामाची गोष्ट, वासे-रीपांसाठी ज्यांनी लिस्प लिहून ठेवलीत त्यांना विचारा. पण ब्रिक्सकॅडमध्ये लिस्प त्याच्या आधीपासून चालतं.

रेव्हिटचं, म्हणजे इमारतीचं थ्री-डी मॉडेल करायच्या पॅकेजचं, गणित वेगळं. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेलं मॉडेल जुन्यात उघडत नाही आणि जुन्यासाठी सेव्ह करायची सोयच नाही, त्यामुळे रिसॉर्टचं मोठं काम असेल, स्ट्रक्चरलवाला मुंबईचा असेल, तर सगळ्यांची आवृत्ती एकच लागते. तिथे वर्गणी भरण्यावाचून गत्यंतर नाही.

माझा निर्णय मात्र पावसाने केला. आपल्याकडे जूनला साइट बंद झाल्या की ड्रॉइंगचा खरा सीझन सुरू होतो, दिवाळीनंतर उभी राहणारी घरं आपण याच दिवसांत टेबलावर काढतो, आणि लाइट-नेट जायचे दिवसही हेच. वर्गणीवाल्या बऱ्याच पॅकेजना साधारण 30 दिवसांत एकदा नेटवर लायसन्स तपासून घ्यावं लागतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे, नेटला काय करणार? 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, आणि छपरांची ड्रॉइंगं सगळ्यांना तेव्हाच हवी होती. माझं तेव्हाचं पॅकेज अशाच एका पावसात साइन-इन मागत बसलं, फाइल माझ्याच मशीनमध्ये, सुतार खोळंबलेला, मालकाचे फोनवर फोन, शेवटी लॅपटॉप घेऊन रेंजसाठी सड्यावर (गावावरच्या कातळाच्या माळावर) गेलो. माझंच ड्रॉइंग उघडायला परवानगी लागावी हे मला अजूनही पटत नाही.

कायमच्या लायसन्सलाही अडचण आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात ऑफिसं बुडाली, तसं मशीनच गेलं तर वर्गणीवाला नव्या मशीनवर लॉग-इन करून कामाला लागतो, कायमवाल्याला जुन्या मशीनवरून लायसन्स सोडवून घ्यायला विक्रेत्याच्या मागे लागावं लागतं. पण ते क्वचित, पाऊस दरवर्षीचा.

घरं, बंगले, होमस्टे एवढंच काम असेल तर मी टू-डीला कायमचं घेईन आणि रेव्हिटची गरज पडली तर तेवढ्यापुरती महिन्याची वर्गणी भरेन. पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याला एवढं नक्की विचारा, नेट नसताना किती दिवस चालतं आणि मशीन बदलताना काय करायचं, आणि उत्तर ईमेलवर घ्या.