जुळे सोलापुरातला फुटबॉल क्लास: पोरं असतील तर नक्की पाठवा

सोलापुरात क्रिकेटचे क्लास गल्लोगल्ली आहेत, फुटबॉलचा नीट क्लास मिळणं अवघड, म्हणून हे लिहितोय. इथले सर पोरांना नुसतं पळवत नाहीत, प्रॅक्टिस संपली की मोबाईलवर जुन्या मॅचेस दाखवतात, आणि त्यांचा लाडका प्लेयर म्हणजे नायजेरियाचा लेफ्ट विंगर (डाव्या बाजूनं चढाई करणारा) इमॅन्युएल अमुनिके. १९९४ च्या आफ्रिकन कपच्या फायनलमध्ये झांबियाविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच, त्याच वर्षी आफ्रिकेतला बेस्ट फुटबॉलर, मग १९९६ च्या ऑलिम्पिक फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध अगदी शेवटी गोल मारून ३-२ जिंकवलं, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये आफ्रिकेचं ते पहिलं गोल्ड! काय मॅच आहे ती!

बार्सिलोना क्लबमध्ये मात्र गुडघ्यानं त्याचा घात केला. हे सर मुद्दाम सांगतात, कारण त्यांच्या मते वॉर्मअप टाळणाऱ्या पोराला याहून चांगला धडा नाही. पुढे तोच माणूस कोच झाला, २०१५ ला चिलीत नायजेरियाच्या १७ वर्षांखालच्या टीमला वर्ल्डकप जिंकून दिला, पुढे मोठा स्ट्रायकर झालेला ओसिमेन त्याच टीमचा. नंतर टांझानियाला ३९ वर्षांनी २०१९ च्या आफ्रिकन कपमध्ये नेलं.

माझा पोरगा डावखुरा आहे, आधी एका ठिकाणी त्याला बळंच उजव्या पायानं खेळायला लावायचे, इथे त्याला डावीकडेच ठेवलंय, आता काय खूश असतो ओ. मैदानात मुरूम जास्त, गुडघे सोलतात, उन्हाळ्यात पाणी घरूनच भरपूर द्या. फी वाजवी.