देणगी गोळा करण्याचं अ‍ॅप : पाचपैकी दोनच तारे

मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी आहे. आमच्या एका तोलाईदार मामांच्या मुलीचं मार्चमध्ये मिरजेत हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं. सरकारी योजनेतून भागेना, वरचे तीन लाख कमी पडत होते. म्हणून मीच अ‍ॅपवर तिच्या नावाने मदतीचं आवाहन टाकलं.

चांगलं आधी सांगतो. अर्ध्या तासात काम झालं, मजकूर मराठीत लिहिता आला, आणि पैसे थेट दवाखान्याच्या बिलात जमा झाले. हे मला पटलं.

पण पैसेच येईनात. तीनशेवर लोकांना लिंक पाठवली, पंधरा दिवसांत ४१,३०० रुपये. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते ओसरू लागल्यावर आम्ही रात्ररात्र मदतीचे ट्रक उतरवत होतो. कुठकुठल्या गावांहून चटया, भाकरी, बिस्किटांचे खोके! मग आताच माणसं का आटली?

गणपती पेठेतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, "दिवाणजी, दोन वर्षांपूर्वी एका बाळासाठी पाचशे दिले. तेव्हापासून दोन दिवसाआड मेसेज, प्रत्येकात नाकात नळी घातलेलं एक लेकरू. आता मी फोटोच उघडत नाही. ते पहिलं बाळ बरं झालं का, हे मात्र कुणी सांगितलं नाही."

मग मी स्वतः हजार रुपये भरून बघितले. खाली रक्कम आली १,१४०. वरचे १४० अ‍ॅपसाठी, आधीच टिक करून ठेवलेले. ते शून्य करायला बारीक अक्षरातली यादी उघडावी लागते. माझ्या बहिणीचे असेच गेले, तिला वाटलं सगळे मुलीलाच पोचले. कंपनीला खर्च असतो, पण तो विचारून घ्यावा. शिवाय एका व्यक्तीच्या उपचाराला दिलेल्या पैशावर देणगीची आयकर सवलत मिळत नाही, हेही कुठे ठळक लिहिलेलं नाही. दोन व्यापारी पावती मागत राहिले.

शेवटी वही काढली. पहिल्या पानावर दवाखान्याचं एस्टिमेट चिकटवलं. हळदीचे सौदे आटोपले की गाळ्यागाळ्यावर फिरायचो आणि संध्याकाळी जमा रक्कम फळ्यावर लिहायचो. हमालांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर दिले. नऊ दिवसांत २,१८,००० झाले, उरलेले मामांच्या मेहुण्यांनी घातले. गणपती पेठेतल्या शेटजींनीही वहीत दोन हजार लिहिले. मुलगी घरी आल्यावर मी बिलाची झेरॉक्स फळ्याशेजारी लावली आणि त्यांना फोन केला. ते जरा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं कळवलंत."

मुलगी घरी आल्याचं मी अ‍ॅपवरही लिहिलं, फोटोसकट. बहिणीला ते आलंच नाही. त्या दिवशी तिला अ‍ॅपकडून दोन मेसेज आले, दोन्ही दुसऱ्या मुलांसाठी पैसे मागणारे.