देवास नाक्याचं टायरचं दुकान: मी मागितलेला टायर दिलाच नाही

दुकानाचं नाव विचारू नका, पाटीवर टायर कंपनीचं नाव एवढं मोठं आहे की दुकानाचं नाव खाली कोपऱ्यात आणि तेही उन्हानं उडालंय. इंदुरात निरंजनपूरकडून देवास नाक्याला जाताना डाव्या हाताला, बाहेर ट्रकच्या टायरांची उतरंड आणि शेजारी चहाचा ठेला, एवढी खूण पुरे. गल्ल्यावर एक काकू बसतात आणि कामाला एक चाचा. ५ पैकी ४ स्टार देतोय, एक का कापला ते सांगतो पुढे.

आधी माझं दुःख. मागच्या वर्षी मे मध्ये भोपाळहून येत होतो, सोनकच्छच्या पुढे गाडी मागून थरथरायला लागली, मला वाटलं रस्ताच खराब आहे, आणि दोन मिनिटांत धाड धाड आवाज. उतरून बघतो तर मागच्या उजव्या टायरची वरची पट्टी केळ्याच्या सालीसारखी सोलून लोंबत होती आणि चाकाच्या वरचा पत्रा आतून फाटलेला. टायर घेऊन आठच महिने झालेले! दुसऱ्या एका दुकानातून नवा म्हणून घेतलेला, नक्षी चांगली खोल, अंगावरचे ते रबराचे केस पण शाबूत. घरी येऊन नीट बघितलं तर कडेला चार आकडे ३८१९. म्हणजे २०१९ चा ३८ वा आठवडा. २०२४ मध्ये मला "नवा" म्हणून विकलेला टायर पाच वर्षं कुठल्यातरी गोदामात पडून होता, कदाचित पत्र्याखाली शिजत होता.

आणि यातली निम्मी चूक माझीच, हे पण कबूल करतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, गरम झाली की फुगते, हे आपल्याकडे प्रत्येकाला कुणीतरी काकांनी सांगितलेलं असतं. दारावरच्या स्टिकरवर ३२ लिहिलंय, मी २६ ठेवली होती. आता गंमत बघा, मी तोच माणूस जो गेली दहा वर्षं अमेरिकेतल्या बोनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे रेकॉर्ड करणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघत जेवतो, आणि तिथे पहिला धडाच हा की हवा कमी म्हणजे मरण. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, सुटला की परत गोल होतो. हवा कमी असेल आणि वेग जास्त, तर पुढची फेरी येईपर्यंत त्याला पूर्ण गोल व्हायला वेळच मिळत नाही, मग रबरावर लाटा उभ्या राहतात, आतल्या थरांची घासाघासी होते, उष्णता वाढते आणि थर एकमेकांना सोडतात. बाहेरच्या उन्हापेक्षा ही आतली उष्णता जास्त वाईट. म्हणून ती मंडळी चाक थंड असताना भरपूर दाबानं हवा भरतात आणि आपण इंदूरच्या मे महिन्यात ती सोडतो, शाब्बास.

तर असा पोळलेला मी या दुकानात गेलो आणि ऐटीत म्हटलं, व्ही रेटिंगचे रुंद टायर दाखवा. काकूंनी बिलासाठी आडनाव विचारलं आणि ऐकताच मराठीत आल्या, "अय्या, तुम्ही रामबागेतले का?" मग माहेर-सासरच्या ओळखी निघाल्या, दहा मिनिटं गेली. तोवर चाचांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, जुन्या टायरवर हात फिरवला आणि विचारलं, "भिया, गाड़ी कितने पे चलाते हो?" म्हटलं बायपासवर ११०. "फिर वी का क्या करोगे, अचार डालोगे?"

त्यांचं बरोबर होतं. टायरवरचं शेवटचं अक्षर म्हणजे वेगाची मर्यादा, टी म्हणजे १९०, एच २१०, व्ही २४०, वाय ३००. माझ्या गाडीला कंपनीनं टी दिलाय, त्याच्या खाली जायचं नाही, बस. फळीवर व्ही चे दोन होते, चाचांनी उचलून आकडे दाखवले, २०२१ चे. "ये मत लो, ये बैठे-बैठे बूढ़ा हो गया." काकूंनी वरून चष्म्यातून त्यांच्याकडे असं बघितलं की काय सांगू, धंद्याचा माल होता ना तो. पण बोलल्या नाहीत काही. मग आतून साध्या टी चे चार निघाले, १७५/६५ आर १५, तीन महिन्यांपूर्वीचे, चारी एकाच आठवड्यातले. व्ही पेक्षा सगळे मिळून साडेपाच हजारांनी स्वस्त. मागितलेला महाग माल न विकणारं दुकान मी इंदुरात पहिल्यांदा बघितलं, आणि मी सराफ्यात पण फिरतो.

बसवणं मात्र बघण्यासारखं. जुन्या रबरी व्हॉल्व्ह फेकून धातूच्या लावल्या, झाकणं पण धातूची. मला एकदम मिठाचं मैदान आठवलं, कारण तिथे पण धातूचंच झाकण, चाक जोरात फिरलं की रबरी नळी बाहेरच्या बाजूला वाकते आणि आतली पिन सरकली तर हवा जाते, मग ते झाकणच शेवटचं कुलूप. बॅलन्सिंगला ठोकायची शिशं न वापरता रिमच्या आतून चिकटवायची लावली आणि वरून टेप मारली. मी विचारलं टेप कशाला, तर म्हणाले "उड़ जाता है". हिशोब करून बघा, चाकाची त्रिज्या ३० सेंटीमीटर धरली तर ताशी १०० ला कडेचा १ ग्रॅम रबर साधारण २६० ग्रॅमच्या जोरानं बाहेर पळायला बघतो. ३०० ला तोच एक ग्रॅम २३०० च्या वर जातो, वेग तिप्पट तर जोर नऊपट.

म्हणूनच त्या वेगवाल्यांच्या टायरला नक्षी जवळजवळ नसतेच, जाड रबर म्हणजे उडायला जास्त माल. न्यूझीलंडचा बर्ट मन्रो १९२० ची इंडियन मोटारसायकल (इंडियन कंपनीचं नाव हां, आपली नव्हे) बोनेव्हिलला घेऊन जायचा, टायरची नक्षी सुरीनं तासून काढायचा, आणि १९६७ मध्ये ताशी २९५ किलोमीटरच्या वर गेला. १९३५ ला ब्रिटिश रेसर माल्कम कॅम्पबेल तिथेच ताशी ३०१ मैलांचा रेकॉर्ड करत होता तेव्हा त्याचा पण पुढचा टायर फुटून पेटला होता. १९९७ ला थ्रस्ट एसएससी ही जेट इंजिनाची गाडी ताशी १२२८ किलोमीटरवर गेली, तिला रबरी टायरच नव्हते, ॲल्युमिनियमची भरीव चाकं. आणि बुगाटी २०१९ ला ४९० वर गेली तेव्हा टायर बसवायच्या आधी त्यांचा एक्स-रे काढला होता. चाचांना हे सांगितलं तर त्यांनी टायर उलटा केला, आतून टॉर्च मारली, सगळीकडे अंगठा दाबून बघितलं आणि म्हणाले, "हमारा एक्स-रे यही है."

आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्सचा, म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या केंद्राचा, ११.३ किलोमीटरचा गोल ट्रॅक आहे, २०२१ ला सुरू झाला. मी रोज त्याच बाजूला नोकरीला जातो, आत अर्थात आम्हाला कोण सोडतंय. हे चाचांना सांगितल्यावर ते म्हणाले वहाँ का टायर तो रोज़ मरता होगा. मरत असेल बुवा.

एक स्टार कापला तो अलाइनमेंटसाठी. मशीन आहे, पण रविवारी ते चालवणारा मुलगा नसतो आणि चाचा त्या कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, मला बुधवारी परत यावं लागलं, अर्ध्या दिवसाची रजा. शिवाय काकूंनी नायट्रोजनचे पैसे हळूच बिलात टाकले होते. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा एवढाच की तो कोरडा असतो म्हणून दाब कमी हलतो, मिठावर ताशी ६०० ला उपयोग असेल, विजयनगर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये काय? म्हटल्यावर त्यांनी हसून कापले पैसे, वर म्हणाल्या "तुम्ही रामबागेतले, तुम्हाला काय बोलणार."

जपायचं काय ते चाचांनी सांगितलं तसं लिहितो. हवा सकाळी गाडी चालवायच्या आधी बघायची, स्टिकरवर असेल तेवढीच, महिन्यातून दोनदा. ते चकचकीत काळं पॉलिश मारायचं नाही, गाडी धुणारे फुकट मारून देतात तरी नाही. कडेला पंक्चर झालं तर शिवायचा नाही, बदलायचा. जास्तीचे टायर ठेवायचे असतील तर अंधारात, काळ्या प्लास्टिकमध्ये आणि मोटर किंवा वेल्डिंग चालतं तिथून लांब, कारण त्या ठिणग्यांनी ओझोन होतो आणि रबर तडकतं. बोनेव्हिलकडचे लोक रेसचे टायर असेच गुंडाळून ठेवतात, आणि मिठावरून आले की आधी चाकं धुतात. आपल्याकडे मीठ नाही पण पोह्यांवरची शेव आहे, माझ्या डिक्कीत सगळीकडे.

डिक्कीवरून आठवलं, तिथे जाल तर स्टेपनी पण दाखवा. चाचांनी माझी बाहेर काढली, दहा वर्षांत एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी कोरी करकरीत, मी खुशीत. त्यांनी थुंकी लावून आकडे पुसले, ०९१४. कडेला नख दाबलं तर बारीक भेगा उघडल्या. ती आता भाच्याचा झोका आहे, रामबागेत, कडुलिंबाला.