ऑफिसच्या कॉम्प्युटरना आयपी कोणी द्यायचा: राउटरने की आपण?

नौपाड्यात किंवा वाशीत छोटं ऑफिस आहे. पाच-सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर). नवं ब्रॉडबँड जोडायला आलेला माणूस म्हणतो, "सगळ्यांना स्टॅटिक आयपी टाकून देतो, नंतर कटकट नको." आयपी म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा पत्ता, आणि स्टॅटिक म्हणजे तो हाताने टाकलेला, न बदलणारा. माझा सल्ला स्पष्ट आहे: सगळ्यांना टाकू देऊ नका.

राउटरमधली डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याची सोय, १९९३ पासूनची आहे. कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर हाक देतो, राउटर त्याला एक मोकळा पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो मागून घेतो आणि राउटर तो पक्का करतो. हा पत्ता ठरावीक मुदतीसाठीच असतो, बऱ्याच घरगुती राउटरवर २४ तास. निम्मी मुदत संपली की कॉम्प्युटर स्वतःच ती वाढवून घेतो. पत्त्यासोबत गेटवे (बाहेर इंटरनेटवर जायचा दरवाजा) आणि डीएनएसही (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) आपोआप मिळतात.

हाताने टाकलेल्या आयपीची खरी अडचण लॅपटॉपला होते. ऑफिसात १९२.१६८.१.२५ टाकलेला लॅपटॉप संध्याकाळी ऐरोलीच्या घरी नेला आणि तिथला राउटर १९२.१६८.०.१ वर असला, तर वायफाय जोडलेलं दिसतं, पण इंटरनेट चालत नाही. शिवाय ऑफिसात तोच २५ नंबरचा पत्ता राउटरने दुसऱ्या कोणाला दिला तर दोन्ही यंत्रं एकाच पत्त्यावर भांडतात. उद्या ब्रॉडबँड कंपनी बदलली, नवा राउटर आला, की प्रत्येक कॉम्प्युटरपाशी पुन्हा बसायचं.

मग प्रिंटरचं काय? त्याचा पत्ता बदलून चालत नाही, हे खरं. पावसाळ्यात लाइट जाऊन आली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि प्रिंटरला वेगळा पत्ता मिळाला, की सगळ्यांच्या प्रिंट अडकतात. डीव्हीआरचंही तसंच. यासाठी तिसरा मार्ग आहे, तोच मला सर्वात शहाणपणाचा वाटतो: राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन, म्हणजे एका यंत्रासाठी एक पत्ता राखून ठेवणं. प्रिंटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, राउटरच्या यादीत नोंदवायचा. प्रिंटर ऑटोमॅटिकवरच राहतो, पण दर वेळी तोच आयपी मिळतो. सगळा हिशेब एका जागी.

फोनसाठी रिझर्व्हेशन करणार असाल तर एक लक्षात ठेवा. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खरा मॅक लपवून बनावट देतात. त्या नेटवर्कपुरती ती सेटिंग बंद करा.

तुमच्या राउटरमध्ये रिझर्व्हेशनच नसेल, तर प्रिंटरला हाताने टाका, पण डीएचसीपी ज्या रेंजमधले पत्ते वाटतो तिच्या बाहेरचा. पत्त्याच्या शेवटच्या आकड्याची रेंज १०० ते १९९ असेल तर ५० द्या.

ब्रॉडबँड कंपनी पैसे घेऊन देते तो स्टॅटिक आयपी मात्र वेगळा. तो मुख्यतः बाहेरून थेट ऑफिसच्या नेटवर्कवर यायचं असेल तेव्हा लागतो. प्रिंटरसाठी तो घेऊ नका.