मोफत शैक्षणिक साहित्य, आठ महिन्यांनंतर: आधी डाउनलोडचं बटण आहे का ते बघा

सोलापुरात गड्ड्याची यात्रा झाली त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम काढलं आणि जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली. केबलवाल्या कंपनीला पाच दिवसांत अकरा फोन केले. दरवेळी एकच उत्तर, "आज संध्याकाळपर्यंत चालू होईल मॅडम." सहाव्या दिवशी चालू झालं. पाच दिवसांचे पैसे बिलातून वजा करा म्हटलं तर म्हणे तशी सोय नाही. तो वाद अजून चालू आहे आणि मी तो सोडणार नाही. पण त्या पाच दिवसांत माझा क्लास एक दिवसही अडला नाही, आणि हा अनुभव लिहायला बसले ते त्यासाठीच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. पुढच्या खोलीत आठवी ते दहावीचा गणित-विज्ञानाचा क्लास घेते. एकोणीस मुलं आहेत. बहुतेकांचे वडील लूमवर (यंत्रमागावर), आया घरी विड्या वळतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी. फी महिन्याला ३०० रुपये, तीही कुणाकडून वेळेवर येते, कुणाकडून दिवाळीनंतर. त्यामुळे जूनमध्ये ठरवलं की यंदा गाइड, टेस्ट सिरीज काही विकत घ्यायचं नाही, नेटवर जे मोफत आहे त्यावरच वर्ष काढायचं.

दीक्षा हे सरकारी शिक्षण अ‍ॅप आणि ई-बालभारती ही पाठ्यपुस्तक मंडळाची साइट, हे बहुतेकांना माहीत असतं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांनी स्कॅन केलेले असतात. (ते कोड आधी आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वापरले, हे मी मुलांना दरवर्षी सांगते. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे ऐकताना मुलं एकदम गप्प होतात.)

जून-जुलै मी व्हिडिओंवर काढला. माझ्या फोनचा रोजचा दीड जीबी डेटा क्लास संपायच्या आत संपायचा. तरी वाटायचं, चाललंय छान, मुलं शांत बसतात, स्क्रीनकडे बघतात. नववीला धाराविद्युत सुरू झालं आणि ओहमच्या नियमाचा एक चांगला व्हिडिओ दोन वेळा दाखवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, एका सेलला एक बल्ब लावलाय, त्याच्याच पुढे एकसरीत दुसरा लावला तर पहिल्याचं काय होईल? "काही नाही होणार," असं तिघं म्हणाले, "दुसरा मंद लागेल," असं दोघं. बाकीचे खाली बघत बसले. व्हिडिओ सगळ्यांना आवडला होता, आणि त्यातलं डोक्यात काहीच उतरलं नव्हतं. मुलं शांत बसली म्हणजे शिकतायत हा माझा समज त्या दिवशी गेला. त्याआधी मी चार जणांना "व्हिडिओच दाखवा, बाकी काही लागत नाही" असं छातीठोक सांगितलं होतं. ते मागे घेते.

ऑगस्टमधला प्रकार जरा सविस्तर सांगते, कारण त्यानंतरच माझी कसोटी ठरली. 'मोफत' लिहिलेलं एक अ‍ॅप घेतलं. उघडतानाच मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा नंबर मागितला. मी दोन मुलींच्या घरचे नंबर दिले, ही माझी चूक. दोन धडे मोफत, तिसऱ्याला कुलूप. आणि तिसऱ्या दिवसापासून फोन. एका मुलीची आई संध्याकाळी धावत आली, पदराला तंबाखूचा वास, बोटांत अजून दोरा.

"अक्का, ते टॅब देणार म्हणालेत. महिन्याला हप्ता कापणार. पोरगी मागे पडेल म्हणतात, खरं काय?"

"मावशी, कशावर सही केलीत का?"

"उद्या माणूस येणार हाय घरी."

मी त्या माणसाच्या आधी त्यांच्या घरी जाऊन बसले. तो आला, गोड बोलला, मी प्रत्येक हप्ता कागदावर मांडून बेरीज दाखवली, आणि तो चहा न घेता गेला. फोन मात्र पुढे महिनाभर येत राहिले. दिवसभर हजार विड्या वळणाऱ्या बाईला 'तुमची पोरगी मागे पडेल' असं सांगून पैसे काढायचे, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हापासून मोफत काय ते ठरवायची माझी एकच कसोटी आहे. फाईल माझ्या पेन ड्राइव्हवर येते का? नाव-नंबर न देता येते का? आली, की ती माझी. मग नेट जाओ, अ‍ॅप बंद पडो, कंपनीचं धोरण बदलो.

या कसोटीला सगळ्यात पक्कं उतरलं ते फेट (PhET), विज्ञान-गणिताच्या मोफत सिम्युलेशनची साइट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात, बोल्डरला, २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सिम्युलेशन म्हणजे स्क्रीनवरची प्रयोगशाळा, हे माहीत असेलच. मला माहीत नव्हतं ते हे की ती मराठीत आहेत आणि खाली डाउनलोडचं बटण आहे. ते बटण दाबलं की एकच एचटीएमएल फाईल येते. लॅपटॉपवर डबल क्लिक केलं की ब्राउझरमध्ये उघडते, नेट लागत नाही. खातं काढायला नको, ओटीपी नको, नंबर नको. भाषांतरंही जगभरातले लोक स्वेच्छेने करतात. फोनवरच्या त्यांच्या अ‍ॅपला पैसे पडतात, ते घ्यायची काही गरज नाही. शिक्षकांसाठीच्या कृतिपत्रिकांना तेवढं खातं लागतं, तेही मोफत.

परिपथ जुळवायचं सिम्युलेशन उघडलं आणि तीच मुलगी, जिच्या घरी टॅबवाला आला होता, माउस धरून बसली. एक बल्ब लावला. दुसरा एकसरीत लावला. दोन्ही मंद झाले. ती थांबली, दुसरा काढला, परत लावला, परत काढला. मग म्हणाली, "मॅडम, दोघांत वाटून घेतलं." पुस्तकात 'विभवांतर' (व्होल्टेज) आहे, तो शब्द मी तिला त्यानंतर दिला, आणि तो तिच्या लक्षात राहिला. पुढच्या अर्ध्या तासात मुलांनी नाणं, खोडरबर, पेन्सिल सगळं परिपथात घालून बघितलं. बॅटरीच्या दोन टोकांना नुसती वायर जोडली तेव्हा आगीच्या ज्वाळा आल्या आणि खोलीभर ओरडा झाला. लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) शिकवायला मला एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच तारे दिले असते. मग नोव्हेंबरमध्ये साडेतीन व्होल्टचा टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि वायर आणली. स्क्रीनवर भराभर परिपथ जुळवणाऱ्या मुलांना खरा बल्ब पेटवता येईना. वायरचं प्लास्टिक सोलायचं असतं हेच लक्षात येईना, कारण स्क्रीनवर वायरचं टोक जवळ नेलं की आपोआप चिकटतं. एकाने दोन्ही वायरी बल्बच्या बुडालाच लावल्या. चूक सिम्युलेशनची नाही. खऱ्या वायरीला हात लावायला द्यायचं काम माझं होतं. आता क्रम बदललाय. आधी खरा बल्ब, मग स्क्रीन. बल्ब, सेल, वायर मिळून खर्च ८५ रुपये, आणि सेल अजून चालतायत.

बाकीचं थोडक्यात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल, म्हणजे संगणकावरची सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे व्हिडिओ, मला आधी आवडले नाहीत. दिसायला साधे, आवाज संथ. पण ते बघता बघता शेजारच्या खिडकीत स्वतः करून बघायचे असतात, नुसते बघायचे नसतात, हे कळल्यावर मत बदललं. मराठीत आहेत, आणि क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात असल्यामुळे पेन ड्राइव्हवर घालून मुलांना वाटायला कुणाची भीती नाही. लिब्रे ऑफिसची (एक्सेलसारखी, मोफत) स्प्रेडशीट माझ्या दहावीच्या दोन मुलांना त्यातूनच आली. आता एकजण वडिलांच्या लूमच्या मजुरीचा हिशेब त्यात ठेवतो.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ पुस्तकांचा एवढा साठा आहे की एका माणसाने आयुष्यभर काय केलं ते बघून मान लवते. मराठीतही भरपूर. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून आकार करायचे. भूमिती काढायला कंटाळणाऱ्या आठवीच्या पोरांनी चतुष्फलक हातात घेतलं, दाबून बघितलं. चौकोन वाकतो आणि त्रिकोण वाकत नाही, हे त्यांचं त्यांनी सांगितलं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मी रात्री वाचते आणि वहीत उतरवते. मुलांसाठी भाषा जड आहे, शिक्षकासाठी खजिना आहे. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांची ऑनलाइन व्याख्यानं, माझ्या भाच्यासाठी, तो इंजिनिअरिंगला आहे. व्याख्यानं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरावी लागते. ते आधीच स्पष्ट सांगतात, म्हणून माझी तक्रार नाही.

आणि ई-बालभारतीची पीडीएफ पुस्तकं. ज्या मुलाचं पुस्तक पावसात भिजलं त्याचे तीन धडे त्याच दिवशी छापून दिले. इतकंच सांगते, कारण याहून जास्त उपयोग दुसऱ्या कशाचा झाला असेल असं मला वाटत नाही.

जुना लॅपटॉप नवी पेठेतून साडेनऊ हजारांना घेतला, पेन ड्राइव्ह ४५० चा. ब्रॉडबँड ऑक्टोबरमध्ये लावलं ते आता मार्चअखेर बंद करणार. महिन्यातून एकदा फोनच्या डेटावर फाईली उतरवून घेतल्या की भागतं, हे त्या पाच दिवसांनी दाखवून दिलं.

नववी-दहावीच्या धड्यांप्रमाणे फोल्डर लावून ठेवलेत, प्रत्येक धड्याला पुस्तकातलंच नाव दिलंय. सोलापुरातल्या कुणा शिक्षकाला हवे असतील तर रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन या. रविवारी सकाळी मी घरीच असते. फक्त पाणी यायचा दिवस रविवारी आला तर अकरानंतर या.